विमानाची खिडकी आणि आपला जिल्हा



व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा मला बोलावले, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा माथाडी कायद्यावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. त्या विषयांवर मी वर्षाचे अकरा महिने बोलतच असतो आणि ते ऐकण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येतो, ती माणसे सहसा व्याख्यानाला येत नाहीत. म्हणून विषय मीच सुचवला. विमानात बसायची वेळ आली तर खिडकीची जागा कोणती घ्यावी, हा तो विषय. चालक क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. हमालांच्या संघटनेचा माणूस विमानावर काय बोलणार, असे त्यांना वाटले असावे. पण न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती चार माणसांनी उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून जगाचा काही भाग समजून घ्यावा म्हणूनच. त्या जगात आता विमानही आले आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात विमानतळ नाही, मग ही उठाठेव कशाला? विमानतळ नाही हे खरे, पण विमाने मात्र आपल्या डोक्यावरून पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ जात आहेत. १९४९ साली रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांहून रात्री टपालाची विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. आता मुंबई आणि नागपूर या दोन गावांना नकाशावर पट्टी लावून रेघ ओढा. ती हरिश्चंद्रगडावरून, छत्रपती संभाजीनगरावरून आणि मग आपल्या जिल्ह्यात देऊळगाव राजा, चिखली आणि मेहकर यांच्यामधून जाते. आपण अंगणात बाजा टाकून झोपत होतो, तेव्हा सबंध देशाची पत्रे आपल्यावरून चालली होती.

खिडकीच्या जागेचे महत्त्व आपल्या लोकांना शिकवायला नको. एसटीची पहिली गाडी १९४८ साली पुणे ते अहमदनगर धावली आणि तेव्हापासून महाराष्ट्राने एक कायदा स्वतःच केला, तो कोणत्याही पुस्तकात छापलेला नाही. गाडी फलाटाला लागण्याआधी खिडकीतून आत रुमाल टाकला की जागा आपली. रुमाल नसेल तर टोपी, टोपी नसेल तर पिशवी, आणि काहीच नसेल तर उचलून आत सोडलेले पोर. विमानाला हा कायदा लागू नाही. तेथे खिडक्या उघडत नाहीत आणि रुमालाऐवजी पैसे टाकावे लागतात. बहुतेक कंपन्या आता आवडीची जागा आधी निवडण्याचे वेगळे पैसे घेतात. ज्याने निवडली नाही त्याच्या वाट्याला बहुधा मधली जागा येते, जेथून दोन्ही बाजूंच्या माणसांचे कोपर तेवढे दिसतात. तरीही सामान देण्याच्या खिडकीवर लवकर पोचून नम्रपणे विचारावे. रिकामी असेल तर पुष्कळदा तशीच मिळते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एका ओळीत सहा जागा असतील, तर ‘ए’ अक्षराची जागा म्हणजे तोंड पुढे करून बसल्यावर डावीकडची खिडकी आणि ‘एफ’ म्हणजे उजवीकडची. पहिली गोष्ट पंखाची. एअरबस किंवा बोइंग जातीच्या विमानांचे पंख पोटाखाली असतात. मधल्या ओळीत बसलात तर प्रवासभर तुम्हाला पांढरा पत्रा दिसेल आणि त्यावर पाय देऊ नये अशी सूचना वाचायला मिळेल. म्हणून अगदी पुढची किंवा बरीच मागची ओळ घ्यावी. मागच्या ओळीत इंजिनाची ऊष्ण हवा दृश्यावरून जाते आणि ते किंचित थरथरते, एवढाच दोष. लहान गावांना जाणारी पंख्यांची एटीआर विमाने निराळी. त्यांचे पंख छपरावर असतात, त्यामुळे जवळजवळ कोठूनही खाली दिसते. आणखी एक सावधगिरी सांगतो. काही बोइंग ७३७ विमानांत पंखाच्या पुढे एका ठिकाणी भिंतीतून वातानुकूलनाची नळी वर जाते आणि तेथे खिडकीच नसते. खिडकीचे पैसे भरून भिंतीकडे पाहत बसण्याची पाळी तेथे येते.

खिडकीचाही इतिहास आहे. विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल का असतात? इंग्रजांनी ‘कॉमेट’ नावाचे जेट प्रवासी विमान जगात पहिल्यांदा काढले. १९५४ साली त्यातली दोन विमाने एकामागून एक आकाशातच फुटली. मग एक संपूर्ण विमान पाण्याच्या टाकीत बुडवून, त्यात दाब भरून आणि सोडून, भरून आणि सोडून, हजारो उड्डाणांचा ताण त्याला देण्यात आला. तेव्हा आढळले की झरोक्यांच्या कोपऱ्यांपाशी ताण साठतो आणि तेथूनच पत्रा तडकतो. एका फेरीने काही होत नाही, पण फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या की धातू थकतो. ‘धातूचा थकवा’ हा शब्द मी प्रथम वाचला तेव्हा मला मोठी गंमत वाटली. आमच्या माणसाचा थकवा सिद्ध करायला आम्हाला दाखल्यावर दाखले जोडावे लागतात. पत्र्याचा थकवा मात्र शास्त्रज्ञांनी मान्य केला आणि त्यासाठी जगातल्या विमानांच्या खिडक्या बदलल्या! खिडकीच्या काचेत खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असते, ते पाहून घाबरू नका. काचेचे थर एकाहून अधिक असतात आणि आतल्या थरातले हे छिद्र दाब सारखा राखण्यासाठी मुद्दाम ठेवलेले असते.

पंखानंतर सूर्य. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो, म्हणून वर्षातले बहुतेक महिने सूर्य दुपारी आपल्या दक्षिणेला असतो. पूर्वेकडे चाललेल्या विमानाची दक्षिण म्हणजे उजवी बाजू, पश्चिमेकडे चाललेल्याची डावी. ज्याला डोळे न दिपता जमिनीचे रंग पाहायचे आहेत, त्याने उत्तरेची खिडकी घ्यावी. पण हा नियम आपल्याकडे बारमाही नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास आपल्या जिल्ह्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तसेच होते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात सूर्य आपल्या उत्तरेकडून जातो, तेव्हा नियमही उलटतो.

उत्तरेच्या खिडकीला आणखी एक बक्षीस आहे. सूर्याच्या विरुद्ध बाजूला खाली ढग असतील, तर त्यांच्यावर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती रंगीत वर्तुळ उमटते. यालाच आपल्याकडे इंद्रवज्र म्हणतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले असता दरीतल्या धुक्यावर ते दिसते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते तेथून पाहिले होते. मुंबई-नागपूरची सरळ रेघ नेमकी त्याच गडावरून जाते, हा योगायोग मोठा सुंदर आहे. कड्यावर पाहणाऱ्याला वर्तुळात आपलीच सावली दिसते. विमानात दीडशे माणसांची मिळून एक सावली दिसते.

मग दक्षिणेच्या खिडकीत काय आहे? दक्षिणेच्या खिडकीत पाणी आहे. सूर्याकडे तोंड करून खाली पाहिले की जमीन फिकी आणि धुरकट दिसते, पण जेथे पाणी असेल तेथे आरशासारखी चमक उठते आणि विमानाबरोबर पुढे पुढे धावते. नदी, धरण, शेततळे, कोणतेही पाणी लपत नाही. मुंबईहून निघाल्यावर जायकवाडीचा नाथसागर उजवीकडे दूरवर चमकतो. आपल्या जिल्ह्यात शिरताना खडकपूर्णेचे धरण येते. सिंदखेड राजाला जाधवांच्या काळातले मोती तलाव आणि चांदणी तलाव आहेत, जिजाऊंचा जन्म १५९८ साली झाला त्या गावचे. आणि अलीकडे रस्त्यांच्या भरावासाठी तलाव-नाल्यांतली माती उचलायची आणि त्या खड्ड्यांत पाणी साठवायचे, ही ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून गाजलेली युक्तीही आहे. पावसाळ्यानंतर आक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुऊन निघालेली असते, तेव्हा हे सारे मोजून घ्यावे. मे महिन्यात तेच पाहायला गेलात तर धूळ दिसेल आणि रिकामे खड्डे दिसतील. तेही पाहण्यासारखेच असते म्हणा.

आणि दक्षिणेच्याच खिडकीत लोणार आहे. विमान सरळ रेघेने चालले तर लोणारचे सरोवर त्या रेघेच्या दक्षिणेला तीस-पस्तीस किलोमीटरवर राहते. म्हणजे मुंबईहून नागपूरला जाताना ‘एफ’ची खिडकी, निम्मी वाट सरल्यावर, आणि नागपूरहून मुंबईला येताना ‘ए’ची खिडकी, निम्मी वाट होण्याच्या आधी. वैमानिकाला वाट नेमून देणारे वेगळे असतात आणि ढग कोणाचे ऐकत नाहीत, त्यामुळे हमी कोणी देऊ नये. पण दिसले तर हात लांब करून दोन बोटे आडवी धरा, त्यांच्याआड ते मावेल. गोल सरोवर तिरप्या नजरेमुळे लांबट दिसते, जेवणाच्या ताटाकडे चौकटीतून पाहावे तसे.

आपल्यापैकी पुष्कळांनी लोणार काठावरून पाहिले आहे, दैत्यसूदनाच्या देवळात जाऊन आले आहेत, विष्णूने लवणासुराला मारले ती कथा आजीच्या तोंडून ऐकली आहे. काठावर उभे राहिले की खोली कळते, सुमारे १३७ मीटर. वरून कळतो तो घाट, म्हणजे आकार. आजूबाजूची नदी वाकडी, डोंगर वाकडा, बांध वाकडे आणि त्यात हे एकच असे वर्तुळ, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे, कोणी कंपास टेकवून काढावे तसे. अलेक्झांडर नावाच्या इंग्रजाने १८२३ साली त्याची नोंद केली. गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १८९६ साली त्याची तुलना अॅरिझोनातल्या विवराशी केली. पण हे ज्वालामुखीचे तोंड की उल्केचा घाव, हा वाद चालूच राहिला. शेवटी १९७३ साली तेथल्या खडकात प्रचंड आघातानेच बनणारी काच सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि वाद मिटला. काळ्या कातळात, बसाल्टात, झालेला इतका सुस्थितीतला घाव जगात दुर्मीळ आहे. चंद्राच्या पृष्ठभागाचा काही भागही त्याच जातीच्या खडकाचा, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोक आपल्या लोणारला येतात. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी रामसर यादीत त्याचे नाव गेले. मी यात एवढीच भर घालीन, की पूर्वी त्या पाण्यातला खार काढून विकला जाई. ते काम करणाऱ्यांच्या पायांना तो खार कसा लागत असेल, याची नोंद मात्र कोणत्याही ग्रंथात माझ्या वाचनात आलेली नाही.

उत्तरेच्या खिडकीला जिल्ह्याची दुसरी बाजू आहे. आपण सहज म्हणतो, अमका घाटावरचा, तमका घाटाखालचा. सोयरीक जमवतानासुद्धा हे विचारले जाते. हवा स्वच्छ असेल तर वरून ही घाटाची धार दिसते. तिच्या पलीकडे जमीन एकदम खाली उतरते आणि पूर्णेचे सपाट काळे खोरे पसरते: खामगाव, नांदुरा, शेगाव, मलकापूर. अगदी मागे सातपुड्याची निळसर रेघ. पाहायला ते खोरे फार देखणे आहे. पण त्याच खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोदकडच्या गावांत खारे पाणी पिऊन मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसांची घरे आहेत. विहिरीतले पाणी खारे की गोडे, हे दहा किलोमीटर उंचीवरून दिसत नाही.

येथे मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. विमान आपला जिल्हा सहा-सात मिनिटांत ओलांडते. तेवढ्या वेळात काय दिसते आणि काय दिसत नाही? निरोगी डोळ्याला १० किलोमीटरवरून साधारण ३ मीटरपेक्षा लहान वस्तू वेगळी ओळखता येत नाही. म्हणजे ट्रक ठिपक्यासारखा दिसेल, घराचे पत्रे चमकतील, माणूस दिसणार नाही. आमच्या संघटनेच्या शिष्टमंडळाबरोबर एकदा बाजार समितीतला एक जुना हमाल विमानात आला होता. त्याला खिडकी दिली होती. बराच वेळ तो काच सोडून हलला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “भाऊ, वावरं दिसतात, घरं दिसतात, पन मानूस काई दिसत नाई.” मी त्याला डोळ्याचे हे गणित सांगितले. तो म्हणाला, “मंग बराबर हाये.” काय बरोबर आहे ते त्याने सांगितले नाही, आणि मला विचारण्याची गरज वाटली नाही.

आज त्या खिडकीतून सर्वांत ठळक काय दिसत असेल तर समृद्धी महामार्ग. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मेहकरपासून सिंदखेड राजापर्यंत आपल्या जिल्ह्याच्या काळ्या मातीवर त्याची रेघ दिसते, आणि मी प्रामाणिकपणे सांगतो, ती सुंदर दिसते. पण त्याच रेघेवर सिंदखेड राजाजवळ १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर खासगी बस पेटून २५ माणसे गेली. पुढच्याच महिन्यात, १ ऑगस्टला, शहापूरजवळ त्याच मार्गाच्या पुलाचे काम चालू असताना तुळई उचलणारे यंत्र कोसळून २० जण ठार झाले. रेघ वरून ओढावी लागते, त्याशिवाय रस्ता होत नाही. नकाशा करणाऱ्याला उंचीवर जावेच लागते. माझे म्हणणे एवढेच, की जो उंचीवरून पाहतो त्याने ३ मीटरांचा हिशेब ध्यानात ठेवावा. आपल्याला जे दिसत नाही ते तेथे आहे, हे त्याने धरून चालावे.

या खिडकीवरून आमच्या वार्षिक सभेत एकदा प्रश्न झाला. एका सभासदाने उभे राहून विचारले, “भाऊ, तिकीट संघटनेचे हे समजले, पण खिडकीचे जादा पैसे कोणी दिले?” प्रश्न योग्य होता. वर्गणी देणारा माणूस पोत्यामागे पैसे मिळवतो, त्याने पै-पैचा हिशेब मागितलाच पाहिजे. पैसे मी माझ्या खिशातून दिले होते आणि पावती दाखवली, तेव्हा तो मुद्दा संपला. पण दुसरा एक जण म्हणाला, की ज्याच्या पाठीवर पोते आहे त्याच्या पुढाऱ्याला देखावे कशाला पाहिजेत? त्याला मी जे उत्तर दिले ते आपल्यापुढेही ठेवतो. भाकरी, मजुरी, औषध यांच्यासाठी आम्ही भांडतो आणि भांडत राहू. परंतु आठ तासांच्या कामाची मागणी जगात जेव्हा झाली, तेव्हा तिच्यात काम आणि झोप यांच्या जोडीला उरलेले आठ तास माणसाने स्वतःच्या मर्जीने घालवावेत, हेही होते. पाहणे, वाचणे, ऐकणे हे त्या तिसऱ्या आठ तासांत येते. डोळे सर्वांना सारखे मिळाले आहेत. खिडकी मात्र सारखी मिळालेली नाही. म्हणून पुढच्या शिष्टमंडळापासून आम्ही ठरवले, की जो पहिल्यांदा विमानात बसेल त्याला खिडकी, आणि परत आल्यावर त्याने काय पाहिले ते सभेत सांगायचे. जादा पैसे लागलेच तर बरोबरच्यांनी वाटून घ्यायचे. या ठरावावर मतभेद झाला नाही.

सूर्य, पंख, लोणार, पूर्णा यांचा हिशेब झाला. आता एक शेवटची गोष्ट, जी कोणताही माहितगार प्रवासी सांगणार नाही. त्या सहा जागांच्या एअरबसमध्ये प्रवासी डावीकडच्या दाराने चढतात आणि सामान उजवीकडच्या दारातून चढते. म्हणून विमान सुटण्याआधी उजव्या खिडकीतून खाली पाहिले, तर बॅगा चढवणारी माणसे दिसतात. सामानाच्या त्या पोटात उभे राहता येत नाही. आतला माणूस गुडघ्यांवर बसून, वाकून, एकामागून एक बॅगा रचत असतो. बाहेर मे महिन्यात खालचा डांबरी पट्टा तापलेला असतो आणि आपण आत थंड हवेत पट्टा बांधून बसलेले असतो. ही माणसे १० किलोमीटरवरून नव्हे, चार-पाच मीटरवरून दिसतात. चष्माही लागत नाही. ती पाहण्याचे वेगळे पैसे कोणी घेत नाही, पण त्या वेळी बहुतेक खिडक्यांत पाहणारे कोणी नसते, सर्वांच्या माना हातातल्या फोनवर वाकलेल्या असतात.

मुंबईला उतरतानाही असेच घडते. पूर्वेकडून विमान खाली येऊ लागते, डोंगर जवळ येतात, आणि घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूचे पत्रे, त्यांवरची निळी ताडपत्री, पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेले कपडे स्पष्ट दिसू लागतात. मग गल्लीतून चाललेला माणूस दिसतो. सबंध प्रवासात पहिल्यांदा. हवाई सुंदरी येऊन खिडक्यांचे पडदे उघडा म्हणून सांगते, तो नियम अपघाताच्या वेळी बाहेरची परिस्थिती कळावी म्हणून आहे. मला तो नियम आवडतो. निदान उतरताना आणि चढताना तरी सर्वांनी बाहेर पाहावे, असे कोणीतरी सक्तीने सांगते आहे.

आपण कधी नागपूरहून मुंबईला निघालात तर ‘ए’ची जागा मागा, लोणार पाहा. परत येताना पुन्हा ‘ए’चीच मागा, म्हणजे घाटाखालचा मुलूख दिसेल. एका बाजूने जिल्हा पुरा होत नाही. आणि आपल्याबरोबर पहिल्यांदाच येणारे कोणी असेल, म्हातारी आई असेल, शेजारचे पोर असेल, तर ती जागा त्याला द्या आणि त्याला काय दिसले ते विचारा. आपण मधल्या जागेवर बसून ऐकले तरी चालेल.